पाऊण इंच

मासिकवाली विचारते, प्रेरणा काय?
मी मोती म्हणते, समुद्र म्हणते,
मुहर्रकच्या जुन्या दारांवरची नक्षी म्हणते.
ते छापून येतं गुळगुळीत कागदावर,
शेजारी माझा हात, हातातली कात्री उसनी.
फोटोवाल्याला माझी फार जुनी वाटली.

खरं सांगायचं तर खाकी.
बार्शीच्या नगरपालिका शाळेची खाकी हाफपँट,
जी तीन वर्षं पुरायलाच हवी होती,
आणि पोरं तर एका दिवाळीत उंबऱ्याएवढी वाढायची.
अण्णा शिवणीच्या आत पाऊण इंच कापड राखायचे,
गिऱ्हाइकानं दिलेल्या तेवढ्यातूनच.
त्याला आम्ही शिंपी माया म्हणतो.
दुसरा शब्दच नाही.

मनामात आले तेव्हा पगार साठ दिनार,
खोलीत सहाजणी, पंख्याखाली झोपायची पाळी लावलेली.
तिथं कळलं काळ्याला किती रंग असतात.
आमच्याकडे काळं संक्रांतीपुरतं,
इथं एका दुकानात चाळीस तागे, चाळीस काळे.
एक निळ्याकडे कललेला, एक तव्यासारखा,
एक उन्हात धरला की पिकलं जांभूळ.
मी डोळे मिटून बोटांनी ओळखू लागले
तेव्हा बैरूतच्या मादाम जुमानानं
मला मागच्या खोलीतून पुढच्या खोलीत आणलं.
तिचा नियम एकच :
उंची कपड्याच्या आत काही उरता कामा नये.
आत कापड साठवतो तो गरीब,
असं ती अरबीत म्हणायची,
आणि त्या वाक्यात माझा शब्द कुठेच नव्हता.
मी शिकले. दोन धाग्यांवर शिवण बसवायला शिकले.

मग माझी पाटी लागली, दार मंदाकिनी,
तिचा उच्चार इथं कुणालाच धड जमत नाही.
सिल्हेटचा कमरुल, बरेलीचे जरीवाले दोघे भाऊ,
फक्त काजं करणारी एक नेपाळी मुलगी.
एका पोशाखाचे अठराशे दिनार,
सांगताना सुरुवातीला माझीच जीभ अडखळायची.

अण्णा एकदाच आले, महिन्याच्या व्हिसावर.
शोरूममधला सगळ्यात महाग अंगरखा त्यांनी
आठवडी बाजारात करतात तसा उलटा केला,
शिवण अंगठ्यानं चाचपली,
पुन्हा चाचपली.
"आत काहीच नाही गं," म्हणाले.
आणि चहा मागितला.

बदरिया माझं सोळा वर्षांचं गिऱ्हाईक.
मार्चमध्ये माप दिलं होतं, लेकीच्या लग्नासाठी,
काळं रेशीम, गळ्याला हाताची जर.
ऑगस्टमध्ये घालायला आली ती
डोक्याला घट्ट रुमाल आणि निम्मी होऊन.
पोशाख तिच्यावर होता, ती त्यात नव्हती.
कुणी काही विचारलं नाही.
एसीचा तेवढा आवाज.
कमरुलनं टाचण्या लावल्या, खडूची रेघ ओढली,
कात्री उचलली, तशी तिनं
आरशातूनच त्याच्याकडे पाहिलं.
"कापू नका. मी परत भरेन."

मी म्हटलं, दोन्ही बाजूंना चार चार इंच आत राहील,
फुगेल.
"फुगू दे."

कमरुलला मी घरी पाठवलं.
रात्री दोनपर्यंत एकटीनं हातशिवण घातली,
लांब टाक्यांची, ओढली की एका दमात उसवेल अशी,
कापड घडी घडी करत आत बसवलं,
बरगड्यांना टोचू नये म्हणून वर मऊ अस्तर.
अण्णा असते तर म्हणाले असते, आठ इंच? वेडी का तू?
आणि स्वतः दिवा जवळ धरला असता.

लग्न गुरुवारी आहे.
शेवटची इस्त्री मी कुणाला देत नाही.
समोरून गरम, नीट.
बाजूंवर येते तेव्हा उचलून धरते,
नुसती वाफ सोडते,
दाबत नाही.