अ‍ॅबरडीनची बोट रद्द

अ‍ॅबरडीनची बोट रद्द.
वारा नैर्ऋत्येचा, तासाला सत्तर मैल,
रेडिओवरची मुलगी हसऱ्या आवाजात म्हणाली
आणि इझबेल तिकडेच राहिली,
बहिणीच्या घरी, एका डोळ्यावर पट्टी.
इकडे ऑर्कनीत साडेतीनलाच दिवस मावळला.
ओट्यावर दोन स्टेक, खाटकाच्या कागदात.
तिच्यासाठी बेत केला होता मी,
बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

एकट्यानं कर आणि जेव, ती फोनवर म्हणाली.
मांस कोरडं पूस, अगदी खडखडीत.
हे तिनं दोनदा सांगितलं;
मी ओल्या अंगावर सदरा चढवणारा माणूस.

बटाटे घरामागच्या वाफ्यातले.
अर्धेकच्चे उकडले, पाणी निथळलं,
झाकण दाबून टोप हलवला खडाखडा
कडा पिठूळ होऊन विस्कटेपर्यंत.
ओव्हनमधली चरबी तोवर धुमसायला लागलेली.
त्यात सोडताना एक थेंब मनगटावर आला.
मी शिवी दिली, ती वाऱ्यानं नेली.

बिडाचा तवा सासूबाईंचा.
तो किती तापवायचा, हे सांगायचं राहिलं असावं,
किंवा सांगितलं असेल.
मी तापवत बसलो.
मांस टेकलं मात्र,
असं चर्र झालं की घर दचकलं,
छतावरचं यंत्र किंचाळायला लागलं,
दार उघडलं तर वारा आत
आणि धूर बाहेर, आडवा,
थेट थॉर्फिन ड्रेव्हरच्या गोठ्याकडे.

तो आला. पायात सपाता, हातात बादली.
दोन वर्षांत या उंबऱ्यात पहिल्यांदा.
"आग?"
"जेवण."
त्यानं तव्यात पाहिलं.
"उलट मग ते."
मी उलटलं.

दुसराही टाकला. विचारलं नाही, त्यानंही नाही म्हटलं नाही.

मग विसावा.
इझबेलची सक्त ताकीद: सात मिनिटं सुरी लावायची नाही,
आतला रस जागेवर बसू दे.
बशीवर बशी पालथी घालून
दोन म्हातारे बसलो समोरासमोर.
वाऱ्याबद्दल बोलावं, तर तो स्वतःच बोलत होता.
बादलीतलं पाणी हळूहळू हिंदकळायचं थांबलं.
सात मिनिटं किती लांब असतात
हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या घासाला तो म्हणाला, "गावातून आणलंस?"
"सोमवारी."
बराच वेळ चावत राहिला.
"मग माझ्यातलाच असेल.
महिन्यापूर्वी दोन गेले. एकाच्या कपाळावर पांढरा होता."

तो पांढरा मला ठाऊक होता.
वासरू होतं तेव्हा कुंपण मोडून
माझ्या बटाट्यांच्या वाफ्यात नाचलं होतं,
सगळी रांग चिखलात.
मी काठी उगारली, थॉर्फिननं शब्द उगारले,
मग मीही. काठी खाली ठेवता येते.

"तोच कशावरून?" मी म्हणालो.
"नसेलही. दुसरा अगदी गरीब होता."

आणि त्याच्या खांद्यांना हसू आलं आधी,
तोंडाला नंतर.
आम्ही जेवलो. मांस एका बाजूनं करपलेलं,
मधे मात्र गुलाबी, कसं कोण जाणे.
मी म्हणालो, मांस चांगलं आहे.
तो म्हणाला, बटाटे चांगले आहेत.
माफी म्हणून इतकं पुरतं का, माहीत नाही.
कुंपण अजून तिथेच आहे, वाकडं.

इझबेलचा फोन आला: काय रे, जमलं?
मी म्हटलं, धूर झाला थोडा.
मागून काय खरडल्याचा आवाज येतोय?

ट्रेच्या तळाशी बटाट्यांची खरवड धरली होती,
तांबूस, चरबीत कडक झालेली.
थॉर्फिन काट्यानं ती खरवडत होता,
एका कोपऱ्यातून,
दुसरा कोपरा माझ्याकडे वळवून.