बी साइड

बँडचं नाव इथे लिहीत नाही.
लिहिलं, की भांडण या कागदावरही सुरू होईल.

दुसऱ्या शनिवारी, नेरुळला,
सिडकोच्या जुन्या इमारतीत, कारखानिसांच्या हॉलमध्ये
आम्ही पाचजण. पूर्वी सहा होतो.
स्पीकर कपाटाएवढे. त्यांच्यापायी
या घरात डायनिंग टेबल कधी आलंच नाही,
शेवेची बशी मांडीवर घ्यावी लागते.

कारखानीस म्हणतात, पंचाहत्तरला सगळं संपलं.
पहिला गायक गेला, कुठल्याशा डोंगरावर मेंढ्या पाळायला,
आणि उरले ते नुसते वाजंत्री.
तीस वर्षं हेच सांगतात,
तार आत्ताच हातात पडल्यासारखं.

“वाजंत्री म्हणजेच बँड,” अन्सेल्म परेरा.
त्याचा जीव मधल्या दीड वर्षावर,
गायकच नव्हता तेव्हाच्या एकुलत्या रेकॉर्डवर.
एक्केचाळीस मिनिटं, शब्द नाही.
चष्मा काढून ऐकतो.

मृदुला काकिर्डे दुसऱ्या गायकाची.
चार मिनिटांची गाणी, रेडिओवर गाजलेली,
कारखानीस ज्यांना टूथपेस्टच्या जाहिराती म्हणतात.
“तुमच्या वीस मिनिटांच्या राजवाड्यात
राहायला एक तरी खोली आहे का?
मला वन रूम किचन पुरतं,”
असं म्हणून ती शेव संपवते.

परीक्षित सगळ्यात लहान, महापेला नोकरी.
त्याला आवडतो आत्ताचा गायक,
जो दोघांचीही गाणी दोघांपेक्षा सुरात गातो.
“भाडेकरू,” कारखानीस. “अकरा महिन्यांचा करार.”
“मीपण भाड्यानंच राहतो, काका.”
मग जरा वेळ कुणी बोलत नाही.

माझं मत कुणी विचारत नाही. मी कॅसेट सांभाळतो.
हरेशची.

हरेश मढवी, करावे गाव.
लग्नांच्या बेंजो पार्टीत कॅसिओ वाजवायचा,
हळदीला पहाटे दोनपर्यंत,
आणि सकाळी डोळे चोळत
आमच्यासाठी रेकॉर्डवरून नव्वदच्या टेपा भरायचा.
इंग्रजी येत नव्हतं. बाप भजनात तबल्यावर.
सात मात्रांचा तो अवघड तुकडा
आम्ही बोटांवर मोजत होतो तेव्हा म्हणाला,
“रूपक हाय ह्यो. मोजताव काय?”
आणि मांडीवर धरून दाखवला.
रूपकात समेवरच खाली.
जिथे पोचायचं, तिथे हात रिकामा.

एकदा टेप पुरली नाही.
ए साइडला ते मोठं गाणं सतराव्या मिनिटाला तुटलं,
उरलेलं भरायचं राहिलं,
आणि रेकॉर्ड अन्सेल्मच्या मामाची, मामाबरोबर मस्कतला परत गेली.
बी साइड सुरू होते थेट
आठ वर्षांनंतरच्या, दुसऱ्या गायकापासून.
आम्ही ओरडलो. अरे, गायक बदललाय! युग बदललंय!
हरेश चकित.
“बदललाय? मना वाटला,
सर्दी झालीय त्याला.”

गेल्या वर्षी गेला.
पार्टीतली पोरं रिकाम्या हातांनी आली होती,
हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळत नव्हतं.

आज परीक्षितनं फोनवर अख्खं गाणं आणलंय,
तेवीस मिनिटांचं, नवं धुतलेलं,
व्हायोलिनच्या मागचा श्वाससुद्धा ऐकू येतो.
सतराव्या मिनिटाला आम्ही चौघं
एकदम डेककडे बघतो.
खट् होत नाही.
गाणं पुढे जातच राहतं, कुणाच्या तरी दुसऱ्याच घरात.

कारखानीस उठतात. फोन बंद करतात.
“पुढचं बरोबर नाही हे,” म्हणतात,
माझ्याकडे न बघता हात पुढे करतात,
कॅसेट घेतात, शर्टाला पुसतात, उलटी करतात.

झाकण लागतं. थोडी खरखर.
मग सर्दी झालेला तो
गाऊ लागतो.