नमुना

नव्या संचातली दोनशे एकसष्ट पानं
शुक्रवारी रात्री जाहीर झाली,
आणि शनिवारी दुपारी डिचोलीत
प्लासिदोच्या झेरॉक्सच्या दुकानात, शटर अर्धं ओढून,
पंखा बंद ठेवून, कारण कागद उडतात,
आम्ही तिघं ती कापत बसलो.
खरी पानं यायला अजून तीन आठवडे.
तोवर कागदाचे चौकोन, जुन्या पानांवर चढवून
प्लास्टिकच्या खोळीत सारलेले.

श्यामल आधी चित्रं बघते. तिला माफ आहे,
ती जिंकते.
प्लासिदो मोठ्याने वाचतो:
वादळराणी. पाच ऊर्जा, सहा ताकद,
"आणि वर दोन पानं उचलायची! म्हणजे अरे..."
पुढचं वाक्य तो खुर्ची मागे ढकलून पुरं करतो.

मला पाचचा आकडा दिसतो.
पाच ऊर्जा म्हणजे पाचवी खेळी,
आणि पाचव्या खेळीला आपण टेबलावर असू
हे लिहून कुणी दिलंय?
मडगावला गेल्या मोसमात
चौथ्या खेळीत मेले होते मी,
हातात चार देखणी पानं,
एकीचंही मोल चुकवता येत नव्हतं.
उठताना ती समोरच्याला दाखवलीसुद्धा.
तो म्हणाला, वा.

बाबा खाणीवर नमुने घ्यायचे.
खनिजाचा ढीग शंकूसारखा रचायचा,
वरून दाबून चपटा करायचा,
फावड्याने चार भाग,
समोरासमोरचे दोन बाजूला काढायचे.
उरलेल्याचा पुन्हा शंकू. पुन्हा चार.
असं करत करत शेवटी पुडीभर माती प्रयोगशाळेत जायची
आणि ती पुडी
अख्ख्या बार्जच्या वतीने बोलायची.
हात चांगल्या खड्याकडेच जातो, बाबा म्हणायचे,
म्हणून हाताला निवडू द्यायचं नाही.

तर मी निवडत नाही. पिसते.
सात उचलायची, खेळून बघायचं, वहीत रेघ मारायची.
असे चाळीस हात.
जिंकत असताना सगळीच पानं शहाणी वाटतात;
मी पानाला विचारते:
समोर तिघं उभे, आपली बाजू रिकामी,
जीव चार उरलाय, आणि तू आलास.
बोल.

वादळराणी बोलत नाही. तिला अजून दोन ऊर्जा हव्यात.

बोलला तो एक मरतुकडा नावाडी.
इंग्रजी नाव लांबलचक, आम्ही तारी म्हटलं.
एक ऊर्जा, एक ताकद,
मेला की एक पान देऊन जातो.
चित्रात त्याची पाठच दिसते फक्त.
प्लासिदोने तो कापतानाच वाकडा कापला होता.
चाळीस हातांत एकदाही तो हातात कुजला नाही.
वादळराणी सव्वीसदा.

पाच वाजता भजी आली, आणि श्यामल म्हणाली,
एक डाव खेळ, खरा.
मी तीन तारी घातले. तिने ती बाई घातली, एकच,
केस आवडले म्हणून.
तिसऱ्या खेळीपर्यंत ती बुडत होती,
चौथीत बुडालीच होती,
पाचवीत वरचं पान उचललं,
भज्याचं तेल खोळीला पुसलं,
आणि मांडलं.

प्लासिदो इतका हसला की शटर थरथरलं.

एक्केचाळिसावा हात, मी वहीत लिहिलं.
खोडावंसं वाटत होतं. नाही खोडलं.

रात्री बाबांना सांगितलं.
खाण बंद होऊन वर्षं झाली, तरी हा विषय निघाला
की ते टीव्हीचा आवाज कमी करतात.
म्हणाले, ते बाजूचे दोन भाग
आम्ही लगेच फेकत नव्हतो गो.
शेडच्या मागे गोणपाटाखाली ठेवायचो,
जहाजावरचा आकडा येईपर्यंत.

नापास झालेले एकशे नव्वद कागद
मी बुटांच्या खोक्यात भरले.
खोक्यावर तारीख घातली.
तीन आठवड्यांनंतरची.