डोळ्याचं पातं

पापणी मिटायला तीन फ्रेम लागतात,
उघडायला चार.
उघडणं जडच जातं, लेइदा म्हणते.
म्हणजे एका डोळ्याच्या सात पापण्या,
दोन डोळ्यांच्या चौदा,
काडेपेटीत, कापसावर, ओळीनं.
तिच्या टेबलाजवळ शिंकायला बंदी आहे.

लोक म्हणतात, डोळ्याचं पातं लवायच्या आत.
जणू काही वेळच लागत नाही त्याला.

मी दिवे लावतो आणि बटण दाबतो.
एकोणीस वर्षं झाली.
दिवसभर राबून आम्ही चार सेकंद पुढे सरकतो.
बाहेर येतो तेव्हा ताल्लिनमध्ये
अंधार पडून बराच वेळ झालेला असतो.

फेब्रुवारीतला शेवटचा शनिवार.
बंदरावरचं मिठाचं जुनं कोठार.
बर्फावर अंथरलेला लाल गालिचा
चालता चालता पचपचत होता.
आत आल्यावर सगळ्यांनी बूट बदलले,
ओले बूट पिशवीत, पिशवी खुर्चीखाली.
आमची रांग अकरावी. लेइदा कडेला.
तिला पाय लांब करावे लागतात.

सर्वोत्कृष्ट पार्श्वभूमी.
सर्वोत्कृष्ट आवाज.
सर्वोत्कृष्ट पाणी,
(हो, पाण्यालाही बक्षीस असतं)
ते रीगाच्या एका पोराला मिळालं,
आणि तो असा रडला
की लेइदा माझ्या कानात म्हणाली,
हे त्याला संगणकावर जमलं नसतं.

मग आमची फिल्म.
दीपगृहात एकटी राहणारी बाई, अकरा मिनिटं,
तिच्या उघडझापा एकशे सहा.
आर्दो स्टेजवर गेला.
निर्मात्याचे आभार, बायकोचे, कलामंडळाचे,
कुत्र्याचेसुद्धा.
मग रिवाजाप्रमाणे त्यानं
ट्रॉफीतल्या पितळी सशाचा कान हलवला,
लोक हसावेत म्हणून.

कान हातात आला.

चारशे माणसं गप्प.
सूत्रसंचालिकेनं कागद उलटा केला,
मागच्या बाजूला काहीच लिहिलेलं नव्हतं.
आर्दो अंधारात डोळे बारीक करून
अकराव्या रांगेकडे बघत ओरडला,
"लेइदा!"

फिल्मच्या शेवटी, नावांच्या यादीत,
तिचं नाव बत्तीस फ्रेम टिकतं.
मी मोजलंय. तिनं नाही.

ती उठली. घरातल्या लोकरी चपलांतच गेली.
पर्समधून चष्मा काढला, मग दुसरा चष्मा,
मग पेन्सिलीच्या शिसाएवढा पेचकस.
कुणीतरी कॅमेरा तिच्या बोटांवर नेला
आणि मागच्या पडद्यावर
ती बोटं घराएवढी झाली:
अंगठ्यावर गोंदाची पापुद्री,
तर्जनीला जुनी भाजल्याची खूण,
नखात कालचा निळा रंग.

दोन मिनिटं लागली.
कुणी खोकलं नाही.
दोन मिनिटं म्हणजे दोन हजार आठशे ऐंशी फ्रेम,
आम्हाला महिना लागला असता.

तिनं कान एकदा पुढे, एकदा मागे करून पाहिला,
ससा आर्दोच्या हातात दिला
आणि लोक उभे राहायच्या आत
पायऱ्या उतरू लागली.
टाळ्या वाजत होत्या तेव्हा ती
खुर्चीखालची पिशवी शोधत होती.
"स्क्रू हलका वापरलाय," म्हणाली,
"पुढच्या वर्षी पुन्हा निघेल."

नंतर जेवण होतं, हेरिंग आणि काळी पाव.
पाण्यावाल्या पोरानं तिच्यासोबत फोटो काढला.
तिचं नाव विचारायला तो विसरला,
मीही सांगितलं नाही. का, कोण जाणे.

शेवटची ट्राम.
खिडकीवर वाफ, डब्यात आम्ही दोघं
आणि एक झोपलेला खलाशी.
बंदराच्या वळणावर
लेइदाच्या पापण्या मिटायला लागल्या.
सवयीनं मोजत गेलो:
एक, दोन, तीन...
तीनवर थांबल्या नाहीत.
अर्ध्यावर अडल्या, जराशा वर गेल्या,
जणू कुणी हाक मारली असावी,
मग पुन्हा खाली, तिरप्या,
डावी आधी, उजवी मागून.
चाळीसच्या पुढे माझी मोजणी चुकली.

म्हणजे दीपगृहातली ती बाई
रात्री अडीचला दिव्याशी बसलेली असते,
तेव्हा तिचे डोळे
आम्ही चुकीचे मिटवले आहेत.
बक्षीस मिळालं, पण चुकीचे.

सोमवारी सांगायला हवं तिला.
नव्या पापण्या लागतील. पुष्कळ.
आत्ता नको.
तिचा थांबा अजून तीन थांबे पुढे आहे.