चाळीस मिनिटं

लोकरीचा स्वेटर काढून ठेवा, दुकानातला किअरन म्हणाला होता,
आणि गालिच्यावर नको, फरशीवर उभ्या राहा.
हलमध्ये, नोव्हेंबरात, स्वेटर काढून!
काढला. स्वयंपाकघरात कुडकुडत उभी राहिले
आणि काहीही उचलण्याआधी दर वेळी
रेडिएटरच्या उघड्या नळीला हात लावला,
देवळाच्या पायरीला लावतात तसा,
अंगातली वीज निघून जावी म्हणून.

एकतीस वर्षं इस्पितळाच्या लॅबमध्ये काचपट्ट्या रंगवल्या,
दुसऱ्यांचं रक्त, दुसऱ्यांच्या गाठी.
आता हंबर नदीच्या चिखलाचे थेंब बघते, स्वतःसाठी.
एकेका थेंबात काचेची घरं बांधून राहिलेले डायटम,
कुणी होडीसारखे,
कुणी थेट चकलीच्या सोऱ्यातल्या चकतीसारखे.
एका चित्राला दीडशे फोटो एकावर एक रचावे लागतात,
जुन्या यंत्राला त्याला चाळीस मिनिटं लागायची.
पंखा असा धापा टाकायचा
की शेजारचा नेव्हिल भिंतीवर दोन ठोके मारायचा:
आहेस ना, की उडालीस?

नवा प्रोसेसर ग्लुकोज बिस्किटाएवढा.
कोपऱ्यात सोनेरी त्रिकोण, तेवढीच खूण.
बसवला, खटका खाली ओढला,
तर असा करकरला की काळजात चर्र झालं.
दोन आठवड्यांचं पेन्शन!
तो तसाच करकरतो म्हणे.
मग त्यावर लेप, वाटाण्याएवढा.
पण किअरनचा वाटाणा केवढा?
मी तुरीच्या दाण्यावर तडजोड केली.

नेव्हिल मागच्या दारानं आला, चिप्सचा पुडा घेऊन,
वर इथला तो लाल मसाला भुरभुरलेला.
तेलकट हातांसकट त्याला लांब खुर्चीत बसवला.
पण टॉर्च कोण धरणार? हात धुऊन आला.
बावीस वर्षं मासेमारी बोटींवर रेडिओ सांभाळलेला माणूस.
म्हणाला, आमच्या वेळी तार बिघडली
की अंधारातही बोटांना कळायची.
मी वायरी मागे खोचत होते, परकराची नाडी खोचतात तशा.
झाकण लागलं.
एक स्क्रू उरला. तो कुठला, दोघांनाही सांगता येईना.

बटण दाबलं.
पंखे फिरले, निळे दिवे लागले (ते मी मागितले नव्हते),
पडदा मात्र काळाच.
पुन्हा. पुन्हा काळाच.
नेव्हिलनं चष्मा कपाळावर चढवून आत डोकं घातलं:
ही पट्टी तिरकी बसलीय.
मेमरीची. एका टोकाला केसभर वर.
दाब, म्हणाला.
मोडेल रे.
दाब, बाई.
श्वास धरून दोन्ही अंगठ्यांनी दाबली.
कोवळी काकडी मोडावी तसं, टक्.

दुसऱ्या दिवशी दुपारी पहिला थेंब.
दीडशे फोटो लावले, सवयीनं किटली भरली,
सवयीनं मिरजेला इंदूअक्काला फोन लावला.
तिच्या गुडघ्यापासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत
सगळं चाळीस मिनिटांत बरोब्बर मावायचं,
आणि चित्र झालं की दोघींपैकी कुणालाच
'ठेवते' म्हणावं लागायचं नाही.

तिनं फोन उचलायच्या आत पडद्यावर चकती उभी राहिली.
किटली अजून गुणगुणायलाही लागली नव्हती.
भोकं एकेक मोजून घ्यावीत इतकी स्वच्छ.
इतकं सुंदर काही मी काढलं नव्हतं आजवर.
घरात आवाज नाही. पंखा फिरतोय,
हे हात जवळ नेल्यावरच कळतं.
पलीकडे नेव्हिलला काही कळायचं कारण नाही.
चमच्यानं मीच भिंतीवर दोन ठोके मारले.

"कसला गं आवाज?" अक्का म्हणाली. "झालं का चित्र?"

स्वेटरच्या खिशात तो उरलेला स्क्रू बोटांना लागला.
"छे," म्हटलं, "आत्ता कुठे लावलंय.
टाकीचं काय झालं, ते सांग."