पानाच्या गठ्ठ्यातून

जूनमध्ये शाळेचं फाटक उघडलं
ते माझ्या एकट्यासाठी.
सव्वीस वर्षं घंटा देतोय या शाळेत.
सिस्टर ल्युसिला म्हणाल्या, सायमन, घंटा द्यायची.
कुणाला, मी विचारलं.
द्यायची, म्हणाल्या.

आठला दहा कमी असताना
मी रुळाच्या तुकड्यावर तीन टोल दिले.
सिस्टरांनी मोबाईल जवळ धरला होता,
वाऱ्यात मेणबत्ती धरावी तसा, दोन्ही हातांनी.
टोल गेले सगळ्या वर्गांच्या ग्रुपवर.
अंगठे आले, जोडलेले हात आले,
कुणाच्या तरी आजोबांकडून सुप्रभात लिहिलेला गुलाब आला.
सिस्टर हसल्या. त्या मंगळूरच्या,
अजून 'तो चादर' म्हणतात,
चादरींच्या गावात एकोणीस वर्षं राहून.

सातवी ब. पट अठ्ठेचाळीस.
पडद्यावर एकतीस.

संध्याकाळी त्या व्हरांड्यात फेऱ्या घालायच्या,
हातात जपमाळ. मी माऊलीच्या गुहेपाशी
कुंड्यांना पाणी घालत असायचो.
एकदा वाऱ्यानं शब्द इकडं आले :
येमूल श्रावंती, बिटला व्यंकटेश,
हत्तुरे शिवलीला, सकट रोझलिन, शेख तय्यबा...
सतरा मण्यांवर सतरा नावं,
मग पुन्हा पहिल्यापासून.

ही पोरं विडी घरकुलातली.
घरात फोन एक, तो बापाच्या खिशात,
आणि बाप रात्रपाळीला यंत्रमागावर.
फी माफ करता येते. फोन कुठून माफ करणार?

मी सायकल काढली.
श्रावंतीची आई, नरसम्मा, उंबऱ्यात बसून पान कापत होती.
सगळं ऐकून घेतलं, कात्री थांबवली नाही.
म्हणाली, आमचं पान येतंय ना कारखान्यातनं,
त्यातच घाला की.

झालं.
कारखान्याचे बडेसाब नदाफ, विड्या तपासणारे,
ज्यांच्या छाटीला अख्खं घरकुल घाबरतं,
त्यांनी टेंभुर्णीच्या गठ्ठ्यात, सुताच्या रिळाशेजारी
अपूर्णांक बांधून दिले.
तिसऱ्या दिवशी हजार विड्यांच्या हिशोबाबरोबर
उत्तरं परत.

काय वास यायचा त्या कागदांना!
सिस्टर एका हातानं तपासायच्या,
दुसऱ्या हातानं नाकाला रुमाल.
तेवीस शिंका मोजल्या मी एका दुपारी.
चॅपलच्या कपाटात ठेवले गठ्ठे,
तर रविवारी फादर फ्लोरियननी
मिस्सा संपल्यावर मला बाजूला घेतलं,
सायमन, तू परत सुरू केलीस का?
चुकलेल्या गणितांशेजारी त्या लिहायच्या,
छाट नाही. पुन्हा कर.

ऑगस्टात व्यंकटेशचा कागद कोरा आला.
वर नाव, तारीख, खाली काहीच नाही.
बापाला सिव्हिलला नेऊन नऊ दिवस झाले होते,
आणि कोणी आत सोडत नव्हतं.
सिस्टरांनी तो कागद बराच वेळ समोर ठेवला.
मग लाल पेनानं त्याच्या नावाखाली
आपलं नाव लिहिलं, आपली तारीख घातली,
आणि बाकी कोराच परत पाठवला.
पुढच्या गठ्ठ्यात तो पुन्हा आला.
आता दोन नावांखाली तिसरं, बाईमाणसाचं अक्षर,
तेलुगूत.
सिस्टरांना वाचता येईना. मलाही.
आम्ही कुणाला विचारलं नाही.

आता शाळा भरते. गोंगाट असतो,
घंटेवर मला जोर लावावा लागतो.
परवा पालकसभेला नरसम्मा आली होती.
म्हणाली, तुमची घंटा तिकडं कुठली ऐकू येतेय.
मीच द्यायची तेव्हा.
पत्र्याच्या फर्म्यावर कात्री, तीनदा.
गल्लीतली पोरं येऊन भिंतीला टेकून बसायची.

किती वाजता, मी विचारलं.

आठला दहा कमी, म्हणाली.
घड्याळ आमचं जरा पुढं आहे.