दहा उपाशी

नेमेसिया कोंदोरी कोंबडीला नाव देत नाही.
नाव दिलं की रोज तिची पिसं बाजूला सारून
किडे लावणं जड जातं, म्हणते.
तरी दाणे टाकताना क्वेचुआत काही पुटपुटते
आणि कोंबडी मान वाकडी करून ऐकते.

कोंबडीच्या रक्तात तो परजीवी तगत नाही.
म्हणून तिच्यावर पोसलेले हे ढेकूण निर्मळ.
जन्म बरणीतला,
घर म्हणजे घड्या घातलेला पुठ्ठा.
भिंत कशी असते त्यांना ठाऊक नाही.

विंचुका म्हणतात इकडे.
माझ्या कानाला त्यात विंचू ऐकू येतो,
पण हिला नांगी नाही, हिची कळही नाही.
मातीच्या भेगेतून रात्री उतरते,
झोपलेल्याच्या गालाशी बसून पोटभर पिते
आणि जेवली तिथंच घाण करून जाते.
उरलेलं काम खाजवणारं बोट करतं.
मग वीस वर्षं काहीच नाही.
मग एक दिवस चढावर
काळीज अडखळतं,
आणि माणूस म्हणतो, चप्पल नवी आहे.

आज ऐकिले गावाहून एउसेबिओ ताकिचिरी आलाय,
सहा तास बसनं. चारांगो बनवतो.
लाकूड नखानं वाजवून सांगतो, बोलेल की मुकं राहील.
स्वतःच्या छातीचं विचारायला मात्र कोचाबांबा गाठावं लागलं.

डबी काड्यापेटीहून जराशी मोठी, तोंडाला जाळीचं कापड.
आत दहा पिल्लं, तीन आठवड्यांची उपाशी,
कागदासारखी चपटी.
नेमेसिया ती त्याच्या हातावर उपडी घालते,
वर काळं फडकं बांधते.
"अर्धा तास. हात हलवू नका."
"यांनीच दिलं ना मला?"
"यांनी नाही." ती शब्द शोधते. "यांच्या भाऊबंदांनी."
"हां," तो म्हणतो, "भाऊबंदच देतात."

मग तो सांगत बसतो:
जुनं घर पाडलं, तेव्हा बापाच्या खाटेमागची भिंत फोडली,
तर गवंड्यानं आधी फावडं टाकलं
आणि मग टोपी काढली.

फडकं सुटतं. नऊ जण टम्म, मनुकांसारखे.
एकानं तोंडच लावलेलं नाही.
"लाजतंय," नेमेसिया म्हणते.
"का माझं रक्त पसंत नाही?"

डबीवर आकडा. कपाटात सत्तावीस अंश. तीस दिवस.
या तीस दिवसांत इथं कोणी काही करत नाही
आणि हेच इथलं सगळ्यात मोठं काम आहे.

एकतिसाव्या सकाळी ती चिमट्यानं एकेक पोट दाबते,
पिवळसर थेंब, त्यात मिठाच्या पाण्याचा थेंब,
वर काच.
डोळा लावला की तिचे ओठ हलतात;
ती काही म्हणत नसते, चौकटी मोजत असते.

तिच्या भावाच्या कागदावर कोणीतरी लिहिलं होतं: नाही.
अकरा महिन्यांनी त्याला शेतातून दारावर निजवून आणला,
दार बिजागरीतून काढून.
त्या दहांना त्या दिवशी सापडला नव्हता, एवढंच.
तेव्हापासून ती "नाही" लिहीत नाही.
वहीत तिचं अक्षर लहान, उजवीकडे कललेलं:
दिसला नाही.
दिसला नाही.
असं नऊदा. आणि दहाव्या ओळीत:
प्यालं नाही.

फोनवर मागं रंधा चालल्याचा आवाज.
"म्हणजे नाही?"
"दिसला नाही."
रंधा थांबतो. बराच वेळ
नुसता लाकडाचा भुसा उडाल्यासारखी खरखर.

"मग परत येतो," एउसेबिओ म्हणतो.
"त्या दहाव्याला
उपाशीच ठेवा."